उभ्या गाडीचा ब्रेक

मोटार चालविण्याची विद्या म्हणजे मोटार पळविण्याची विद्या, असा सर्वसाधारण समज आहे. शिकाऊ माणसाला विचारलें तर तो वेगाविषयीं बोलेल, वळणाविषयीं बोलेल, दाटींतून गाडी बाहेर कशी काढावी याविषयीं बोलेल. परंतु गाडी उभी कशी ठेवावी हाहि शिकण्याचा विषय आहे, असें त्याच्या मनांत सहसा येणार नाहीं. वास्तविक घरगुती मोटारीच्या आयुष्याचा फार मोठा भाग उभें राहण्यांतच जातो. दिवसांतून दोन तास धांवणारी गाडी उरलेले बावीस तास कोठें तरी उभी असते, आणि त्या बावीस तासांत तिच्यापाशीं बहुधा कोणीहि नसतें. धांवत्या गाडींत निदान एक जागा माणूस तरी स्टीअरिंगवर बसलेला असतो. उभी गाडी मात्र केवळ तिच्या ब्रेकच्या भरंवशावर सोडलेली असते.

कायद्यानें ही गोष्ट फार पूर्वींच ओळखली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२६ वें कलम सांगतें कीं, सार्वजनिक जागीं वाहन उभें ठेवावयाचें असेल तर चालकाच्या जागेवर परवाना असलेला मनुष्य बसलेला असावा. नाहीं तर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असावा, अथवा चालकाच्या गैरहजेरींत गाडी अकस्मात् चालूं लागणार नाहीं अशी दुसरी कांहीं तजवीज केलेली असावी. १९३९ च्या जुन्या कायद्यांतहि याच अर्थाचें कलम होतें. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील ९६ व्या नियमाप्रमाणें मोटारीला चालतां चालतां थांबविण्याचा पायब्रेक आणि उभी ठेवण्याचा ब्रेक, अशा दोन स्वतंत्र योजना असाव्या लागतात. यांपैकीं दुसऱ्या ब्रेकचें रूप गेल्या पंचवीस वर्षांत पार बदलून गेलें आहे. दोन आसनांमध्यें असलेला ओढावयाचा दांडा नाहींसा होऊन त्याच्या जागीं बोटाच्या पेरानें दाबावयाचें एक बटण आलें आहे. यालाच इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक म्हणतात. बदल दिसावयास लहान आहे. परंतु घरोघरच्या संवयी त्यामुळें बदलाव्या लागणार आहेत, आणि त्या न बदलल्यास माणसें दुखावतील, क्वचित् जिवासहि मुकतील.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यांतील लोकांना घांट आणि उतार यांची ओळख पिढ्यान् पिढ्यांची आहे. बदलापूर या नांवाची उपपत्ति लोक अशी सांगतात कीं, जाणारे येणारे स्वार येथें दमलेले घोडे बदलीत असत. ती खरी असो वा नसो, घोड्याच्या आणि गाडीच्या उभें राहण्यांतला भेद तिच्यावरून चांगला ध्यानांत येतो. घोडा खुंटाला बांधला कीं स्वार निर्धास्त निजे. खुंट सैल निघालाच तरी घोडा उतारावरून आपण होऊन गडगडत जात नसे. कारण त्याला स्वतःचे पाय होते आणि स्वतःची अक्कल होती. चाकाला यांपैकीं एकहि नसतें.

बदलापुराच्या पुढें वांगणी आणि शेलू हीं स्टेशनें ओलांडलीं कीं नेरळ येतें. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी आगगाडी आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानें १९०७ सालीं सुरू केली. त्या लोहमार्गाची चढण वीस फुटांस एक फूट, अशी खडी. हिच्या डब्यांवर ब्रेक लावणारीं माणसें नेमलेलीं असत, आणि उतारावर इंजिनाची खूण होतांच तीं हातांनीं ब्रेक आवळीत. एवढ्याशा गाडीला इतकीं माणसें कशाला, असा प्रश्न नवख्या उतारूला पडत असेल. पण उताराची ओढ किती असते हें गणितानें पाहिलें कीं तो प्रश्न उरत नाहीं.

शाळेंतील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत साधीं यंत्रें शिकवितात: तरफ, कप्पी, उतरण, पाचर, मळसूत्र. त्यांतील उतरणीचें गणित येथें उपयोगी पडतें. पंधराशें किलो वजनाची एखादी घरगुती मोटार माथेरानच्या लोहमार्गाइतक्या, म्हणजे विसास एक, अशा उतारावर उभी केली तर तिला खालीं ओढणारा जोर सुमारें ७५ किलो भरतो. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस तिला सतत मागून रेटीत असावा तसें होतें. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमावरून जगांतील बहुतेक देश मोटारींचे ब्रेक पारखतात, त्या १३-एच क्रमांकाच्या नियमाप्रमाणें भरलेली गाडी शंभरास वीस, म्हणजे पांचास एक, अशा चढावर केवळ या ब्रेकनें उभी राहिली पाहिजे. तेथें ओढ सुमारें २९० किलोंवर जाते.

आणि अगदीं सपाट वाटणारी जागा? पावसाचें पाणी वाहून जावें म्हणून इमारतींच्या अंगणाला गवंडी थोडा ढाळ देतात. पन्नासास एक, एवढा ढाळ डोळ्यांना दिसतहि नाहीं. परंतु तेवढ्या ढाळावरहि त्याच गाडीला ३० किलोंची ओढ लागते. आणि रबरी चाकांचा जमिनीशीं होणारा विरोध तर अशा गाडीच्या बाबतींत साधारण १५ ते २० किलोंच्याच आसपास असतो. म्हणजे ब्रेक नसेल तर गाडी चालूं लागणार, हें ठरलेलेंच. तिचा वेग आरंभीं रांगत्या मुलाइतका असतो, आणि म्हणूनच ती फसवी. पंधराशें किलोंचें ओझें चालण्याच्या वेगानें येऊन भिंतीपाशीं उभ्या असलेल्या माणसावर आदळलें तर काय होईल, हें सांगावयास नको.

ही ओढ थोपवून धरण्याचें काम जुना हँडब्रेक कसें करीत असे? तो निव्वळ तरफेचा खेळ होता. चालक दांडा वर ओढी; दांड्याला जोडलेली तार ताणली जाई; ती मागच्या दोन चाकांतील ब्रेक आवळी; आणि दांड्याखालच्या दांतेरी पट्टीवर एक खुटी अडकून बसे. तिचा ‘कर्र कर्र’ असा आवाज घरांतील लहान मुलांनाहि ओळखीचा असे. या योजनेंत वीज नव्हती, गुंतागुंत नव्हती. मात्र ब्रेक किती लागला हें सर्वस्वी ओढणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून होतें. तरुण मुलगा सहा दांते ओढी, वृद्ध आजोबा चारांवर थकत. आणि तार जुनी होऊन लांबली म्हणजे सहा दांतेहि अपुरे पडत.

नव्या योजनेंत तरफेची जागा मळसूत्रानें घेतली आहे. बी.एम.डब्ल्यू. कंपनीनें २००१ सालीं आपल्या सातव्या मालिकेच्या मोटारींत ही योजना आणली, आणि पुढें युरोपांतील इतर कारखानदारांनींहि ती उचलली. हिचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारांत तार जुनीच असते. केवळ ती ओढण्याचें काम हाताऐवजीं विजेची एक छोटी मोटर करते. दुसऱ्या आणि आतां अधिक प्रचलित झालेल्या प्रकारांत तार मुळींच नसते. मागच्या प्रत्येक चाकाच्या ब्रेकवर, म्हणजे कॅलिपरवर, एक मोटर बसविलेली असते. बटण ओढलें कीं ही मोटर दंतचक्रांच्या द्वारें एक मळसूत्र फिरविते. मळसूत्र पुढें सरकून ब्रेकचे पॅड चकतीवर दाबून धरतें. आणि पुरेसा दाब आला हें विद्युत्प्रवाहावरून ओळखून मोटर आपोआप थांबते.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कारण हिच्याविषयींच पुष्कळ गैरसमज आहेत. वीज गेली तर ब्रेक सुटेल, अशी भीति कांहींना वाटते. ती निराधार आहे. बारीक आट्यांचें मळसूत्र मागून कितीहि रेटलें तरी उलट फिरत नाहीं. लांकडांत पिळून बसविलेला स्क्रू नुसता ओढून निघत नाहीं, तसेंच हें आहे. म्हणून मोटरला वीज लागते ती ब्रेक लावतांना आणि सोडतांना, त्या दोन क्षणांपुरतीच. एकदां लागलेला ब्रेक विजेवांचून महिनोन् महिने लागलेला राहतो. या ब्रेकची खरी अडचण नेमकी उलट बाजूची आहे: बॅटरी उतरली तर तो सुटत नाहीं. एवढें एक वाक्य मनावर ठसलें तरी अर्धें काम झालें.

भारतांत हा ब्रेक आरंभीं परदेशी, महाग गाड्यांपुरताच होता. पुण्याजवळ रांजणगांवच्या कारखान्यांतून २०१७ सालीं बाहेर पडूं लागलेल्या जीप कंपासमध्यें तो आला. २०२० च्या ह्युंदाई क्रेटाच्या आणि २०२१ सालीं चाकणहून आलेल्या महिंद्र एक्सयूव्ही ७०० च्या कांहीं प्रकारांत आला. आणि विजेच्या गाड्यांतहि तो दिसूं लागला. अशा रीतीनें तो मध्यमवर्गीय इमारतींच्या आवारांत येऊन पोंचला आहे.

या ब्रेकचे गुण निःसंशय मोठे आहेत. मनगट दुबळें असो वा बळकट, ब्रेक सारखाच लागतो. त्यामुळें वृद्धांना आणि सांधे दुखणाऱ्या माणसांना तो वरदानच वाटावा. लांबच्या प्रवासानें तापलेल्या चकत्या निवतांना किंचित् आकुंचन पावतात आणि आवळलेला ब्रेक ढिला पडूं शकतो. तेव्हां पुष्कळ गाड्या कांहीं मिनिटांनीं आपण होऊन तो पुन्हा आवळून घेतात. गाडी बंद करून दूर गेल्यावर मागून बारीक ‘घर्र’ असा आवाज आला तर बिघाड झाला असें समजून घाबरूं नये. तें मळसूत्राचें काम चाललेलें असतें. रेल्वेवरून जाणाऱ्या पुलावर, शहाडला असो कीं बदलापूरला, संध्याकाळीं गाड्यांची रांग चढावर तुंबली म्हणजे जुन्या हँडब्रेकवर क्लच सांभाळतांना नवशिक्याला घाम फुटे. आतां चालकानें पट्टा बांधलेला असला, दार लावलेलें असलें आणि ॲक्सिलरेटर दाबला कीं ब्रेक योग्य क्षणीं स्वतः सुटतो.

संकटसमयींचा उपयोग तर आणखी मोलाचा आहे. धांवत्या गाडीचा पायब्रेक निकामी झाल्यास जुना दांडा जोरानें ओढल्यावर केवळ मागचीं चाकें जखडत आणि गाडी गिरकी घेण्याचा धोका असे. बहुतेक नव्या गाड्यांत बटण ओढून तसेंच धरून ठेवलें तर गाडीची नियंत्रणयोजना चाकें न जखडतां ती सावकाश थांबविते. बटण सोडलें कीं थांबविणें बंद होतें. ही गोष्ट चालकाप्रमाणेंच त्याच्या शेजारीं बसणारानेंहि माहीत करून ठेवावी. चालकाला अकस्मात् भोंवळ आली, तर हात पोंचेल असें बटण बहुधा दोघांच्या मधेंच असतें.

इतके गुण असतांना धोका कोठें आहे? तो यंत्रापेक्षां माणसाच्या समजुतींत अधिक आहे. दांडा वर उभा असला म्हणजे ब्रेक लागलेला, खालीं असला म्हणजे सुटलेला. हें डोळ्यांना दिसे, हाताला कळे, कानांना ऐकूं येई. बटण मात्र दाबल्यावरहि जसेंच्या तसें दिसतें. हात, डोळे आणि कान हे तिन्ही साक्षीदार गेले. उरला केवळ एक लहानसा लाल दिवा. तो पाहण्याची संवय नसेल तर ब्रेक लागला अशा समजुतींत चालक उतरून जातो.

असल्या समजुतीनें काय घडतें, याचें एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. १९ जून २०१६ रोजीं अमेरिकेंत लॉस एंजलिस येथें अँटन येल्चिन नांवाचा सत्तावीस वर्षांचा नट आपल्या घराच्या उतरत्या वाटेवर गाडींतून उतरला. गाडी मागें सरकली आणि विटांचा खांब व कुंपण यांच्यांत तो चिरडला गेला. त्या जातीच्या गाडीचा गिअर बदलण्याचा दांडा विजेच्या योजनेवर चाले आणि प्रत्येक वेळीं परत मधल्याच जागीं येऊन उभा राही. त्यामुळें गाडी ‘पार्क’मध्यें आहे कीं नाहीं हें दांड्यावरून कळत नसे. अशा अकरा लाखांवर गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलावण्याचें कारखान्यानें त्याच वर्षाच्या एप्रिलमध्यें जाहीर केलें होतें. तो दांडा गिअरचा होता, ब्रेकचा नव्हता. परंतु बोध एकच आहे. खूण हाताला लागत नसेल, तेव्हां डोळ्यांनीं मुद्दाम पाहिलीच पाहिजे.

दुसरा घोटाळा ‘ऑटो होल्ड’ नांवाच्या सोयीनें होतो. सिग्नलला गाडी थांबली कीं ही सोय पायब्रेकचा दाब तसाच धरून ठेवते आणि पायाला विश्रांति मिळते. हा दाब तेलाचा असतो, मळसूत्राचा नव्हे; आणि चालक आसनावर बसलेला आहे असें धरूनच तो ठेवलेला असतो. दार उघडलें किंवा पट्टा सोडला तर पुष्कळ गाड्या आपण होऊन पार्किंग ब्रेक लावतात हें खरें. परंतु सर्वच लावतात असें नाहीं. ऑटो होल्डचा दिवा बहुधा हिरवा असतो. पार्किंग ब्रेकचा लाल, वर्तुळांत रोमन ‘पी’ अक्षर असलेला. हिरव्या दिव्यावर विसंबून दूध घेण्यासाठींहि गाडींतून उतरूं नये. लाल दिवा लुकलुकत असेल तर ब्रेक पूर्ण लागलेला नाहीं किंवा योजनेंत बिघाड आहे असें समजावें.

आतां या पट्ट्यांतील घरांना विशेषेंकरून जाणवणाऱ्या दोन गोष्टी. पहिली आवारांतील गर्दीची. दुसऱ्या महायुद्धांतल्या लष्करी छावणीवर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें उल्हासनगर वसलें, तेव्हां त्या कॅंपांतून मोटारी ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. आज तेथल्या अरुंद गल्ल्यांत काय, किंवा अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या इमारतींच्या खालीं काय, एका गाडीच्या पुढें दुसरी आडवी लावण्यावांचून गत्यंतर नसतें. त्यावर लोकांनीं एक तोड काढली आहे. आडवी लावणारानें गाडी न्यूट्रलमध्यें ठेवावी, हँडब्रेक लावूं नये, म्हणजे आंतल्या गाडीवाल्याला किंवा रखवालदाराला ती ढकलून वाट करतां येते. शेजारधर्म म्हणून ही रीत गोड आहे. पण वर सांगितलेला पन्नासास एक ढाळ आठवला म्हणजे तिच्यांतला धोका दिसतो. ज्या अंगणांत दुपारीं गाड्या ढकलतात, त्याच अंगणांत संध्याकाळीं मुलें खेळतात.

इलेक्ट्रॉनिक ब्रेकनें ही रीत मोडली आहे. कारण गाडी बंद करतांच पुष्कळ गाड्यांत तो आपोआप लागतो, आणि मग चौघांनीं रेटलें तरी गाडी हलत नाहीं. त्यावरून आवारांत कुरबुरी होतात, आणि त्या टाळण्यासाठीं कांहीं मालक तो आपोआप लागूं नये अशी व्यवस्था करून घेतात. हें सर्वथा अयोग्य होय. खोलींत साप शिरूं नये म्हणून लावलेलें दार मांजराच्या सोयीसाठीं उघडें ठेवण्यासारखें तें आहे. याला उपाय शहाणपणाचा एकच: आडव्या लावलेल्या गाडीवर मालकाच्या घराचा क्रमांक ठेवावा, किल्ली घरांतल्या दुसऱ्या चालकाला सांपडेल अशी ठेवावी, आणि निघण्याच्या वेळा शेजाऱ्यांनीं एकमेकांस आधीं सांगाव्या. माणसांनीं केलेली सोय माणसांनींच बदलावी. ब्रेकला दुबळें करूं नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. उल्हास नदीचा पूर या भागाला नवा नाहीं. २६ जुलै २००५ चा प्रलय लोक अजून विसरलेले नाहींत. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली आणि सुमारें १०५० उतारूंना होड्यांतून बाहेर काढावें लागलें. अशा वेळीं इमारतीच्या तळाशीं असलेल्या गाड्यांना पाणी लागतें. जुन्या गाडीचा दांडा खालीं टाकून चार शेजारी तिला ढकलीत उंचावर नेऊं शकत. नव्या गाडीची बॅटरी पाण्यानें निकामी झाली कीं मागचीं दोन्ही चाकें मळसूत्रानें जखडलेलीं राहतात आणि तिला हातांनीं हलविणें अशक्य होतें.

म्हणून या गाड्यांच्या बाबतींत पुराचा नियम असा कीं, जें कांहीं करावयाचें तें पाणी येण्यापूर्वींच करावें. धरणाचें पाणी सोडण्याची किंवा अतिवृष्टीची सूचना आली कीं गाडी स्वतःच्या चाकांवर उंच जागीं नेऊन ठेवावी. पाणी आंत आल्यावर, ‘ब्रेक तेवढा सोडून येतों’ म्हणून कोणीहि खालीं उतरूं नये. गाडी पुन्हा मिळेल. पाण्यांत गेलेला घरांतला माणूस पुन्हा मिळणार नाहीं. पाणी ओसरल्यावरहि बटण दाबून पाहण्याचा मोह आवरावा, आणि चारहि चाकें उचलून नेणाऱ्या वाहनावरून गाडी कारखान्यांत पोंचवावी. पुढचीं चाकें उचलून मागचीं फरफटत नेलीं तर टायर आणि ब्रेक, दोहोंचाहि नाश होतो.

पुरावांचूनहि बॅटरी उतरते. आठवडाभर लोकलनें मुंबईस जाणाऱ्या नोकरदाराची गाडी रविवारचीच वाट पाहात उभी असते. तीन आठवडे पाऊस लागला, रविवार घरांतच गेला, कीं बॅटरी उतरते आणि ब्रेक लागलेला तो लागलेलाच राहतो. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची तात्पुरती जोड दिली कीं तो सुटतो. म्हणून जोडाच्या तारा घरीं असाव्या. कांहीं गाड्यांत हत्यारानें हा ब्रेक सोडण्याची सोय असते, पुष्कळांत नसते; आपल्या गाडींत कोणती योजना आहे हें गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेंत पाहावें. शिवाय पावसाळ्यांत लोखंडी चकतीवर गंज चढून पॅड तिला चिकटतात. यासाठीं फार दिवस गाडी ठेवावयाची असेल तर, जागा खरोखर सपाट असल्यास, ती गिअरमध्यें किंवा ‘पी’मध्यें ठेवून, चाकांच्या दोन्ही अंगांस ठोकळे लावून पार्किंग ब्रेक मोकळा ठेवावा, असें कांहीं कारखानदार सांगतात. उतारावर मात्र हा सल्ला लागू नाहीं.

गाडी उभी करण्याचा क्रमहि ठरलेला असावा. पाय ब्रेकवर ठेवूनच गाडी न्यूट्रलमध्यें घ्यावी. पार्किंग ब्रेक लावावा. लाल दिवा स्थिर लागला आहे, हें पाहावें. मग पाय अलगद उचलून गाडीचा भार ब्रेकवर येऊं द्यावा. ती तसूभरहि हलली नाहीं म्हणजे पाय पुन्हा ब्रेकवर ठेवून स्वयंचलित गाडी ‘पी’मध्यें टाकावी, गिअरची गाडी चढावर तोंड असल्यास पहिल्या गिअरमध्यें, उतारावर तोंड असल्यास मागच्या गिअरमध्यें टाकावी. मगच यंत्र बंद करावें. प्रथमच ‘पी’ टाकून पाय उचलला तर गाडीचा सगळा भार गिअरपेटींतल्या एका लहानशा खुटीवर पडतो. दोन्ही आधार असावेत, पण भार ब्रेकनें घ्यावा आणि खुटीनें राखण करावी.

नेरळहून माथेरानच्या घांटानें वर जाणारांना या क्रमाची खरी कसोटी लागते. माथेरान गांवांत खासगी मोटारींना मज्जाव असल्यामुळें त्या दस्तुरी नाक्याशीं ठेवाव्या लागतात, आणि तेथवरचा रस्ता अतिशय खडा आहे. वाटेंत थांबावें लागलेंच तर चाकें डोंगराच्या बाजूस वळवून ठेवावीं. दरीकडे कधींहि नाहीं. मागच्या चाकाला दगड लावावा, आणि निघतांना तो आठवणीनें रस्त्यावरून उचलून बाजूस टाकावा. आपल्या गाडीला आधार दिलेला दगड रात्रीं येणाऱ्या स्कूटरवाल्याचा काळ ठरूं नये. शहरांतल्या रस्त्यावर पदपथाची कड असेल तर उतारावर तोंड असतांना चाकें कडेकडे, म्हणजे डावीकडे, आणि चढावर तोंड असतांना उजवीकडे वळवावीं; गाडी सरकलीच तर ती कडेला अडते. हे नियम दांड्याच्या काळींहि खरे होते. बटणानें ते रद्द झालेले नाहींत.

दोन सूचना दुरुस्तीच्या आणि मुलांच्या. मागचे पॅड बदलतांना या ब्रेकचें मळसूत्र विजेनें मागें घ्यावें लागतें. त्यासाठीं गाडी दुरुस्तीच्या स्थितींत टाकण्याची ठराविक रीत असते. जुन्या संवयीनें पान्यानें पिस्टन आंत दाबणाऱ्या कारागिराच्या हातून आंतील यंत्र मोडतें. म्हणून काम सांगतांनाच, ब्रेक इलेक्ट्रॉनिक आहे हें स्पष्ट सांगावें. आणि इंजिन चालू ठेवून, गारवा राहावा म्हणून मुलांना आंत बसवून खालीं उतरण्याची चाल तर सर्वस्वी सोडावी. हा ब्रेक सोडावयास ताकद लागत नाहीं. गाडी चालू असली कीं लहान बोट आणि लहान पाय एवढेंहि पुरेसें होऊं शकतें.

यंत्रें सुधारतात तेव्हां कष्ट कमी होतात. जबाबदारी कमी होत नाहीं, ती केवळ एका अवयवाकडून दुसऱ्याकडे जाते. जें काम पूर्वीं मनगट करीत असे, तें आतां नजरेनें आणि माहितीनें करावयाचें आहे. माथेरानच्या डब्यावरचा ब्रेकवाला शिकलेला नसेल. पण उतार संपेपर्यंत त्याचा हात चाकावरून हलत नसे, कारण खालीं कोण बसलें आहे तें त्याला ठाऊक असे. घरांत गाडी असलेल्या प्रत्येकानें, आणि जो ती चालवीत नाहीं त्यानेंहि, एका रविवारीं पुस्तिका काढून या ब्रेकचें पान मोठ्यानें वाचावें, बटण कोठें आहे तें पाहावें, लाल दिवा ओळखावा, आणि बॅटरी उतरल्यास काय करावयाचें तें ठरवून ठेवावें. अर्ध्या तासाचें हें काम आहे. त्याच्या जोरावर अंगणांत खेळणारीं मुलें उभ्या गाडीकडे पाठ करून निर्धास्त खेळूं शकतील.